प्लगची टोपी

मिस्त्रीने पहिल्या प्लगची टोपी जाड फडक्यात धरून काढली, तसं इंजिन अडखळलं आणि बंद पडायच्या बेताला आलं. टोपी परत बसवल्यावर ते पुन्हा आधीसारखं धापा टाकू लागलं. म्हणजे पहिला सिलिंडर इमानाने काम करत होता. मग त्याने दुसऱ्या टोपीला हात घातला, आणि ती ओढायच्या आधीच त्याच्या हातात आली. इंजिनाला त्याचा पत्ताही नव्हता. ते जसं लंगडत होतं तसंच लंगडत राहिलं.

“सापडलं का?” मागून चष्मेवाल्याने विचारलं.

सापडलं होतं, आणि तेच तर दुखणं होतं. गेल्याच आठवड्यात, याच अंगणात, याच गाडीला त्याने चारही वायरी नव्या घातल्या होत्या. प्रत्येक टोपी अंगठ्याने दाबून, खट् असा आवाज कानांनी ऐकून मगच तो पुढच्या टोपीकडे वळला होता. टोपी प्लगवर घट्ट बसलेली नसेल तर ठिणगी पडत नाही, तो सिलिंडर गप्प होतो आणि उरलेले तिघं त्याला फरफटत नेतात. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. आणि आता त्यानेच बसवलेली टोपी प्लगच्या डोक्यावर नुसती टेकलेली होती.

“टोपी सैल झालीय,” तो शेवटी म्हणाला.

“झालीय, की राहिलीय?”

“मी बसवली होती.”

“मग काय फिरायला गेली होती ती?” चष्मेवाला म्हणाला. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि कुणाशीही बोलताना तो समोरच्याकडे असा रोखून बघे, जणू त्याचा नंबर काढतोय. “अहो मिस्त्री, आम्ही रस्त्याला लागलो न लागलो तोच गाडी गचके मारायला लागली. आई पुढच्या सीटवर, डिकीत सामान, धाकटी बहीण तिकडे डोळे लावून बसलेली. वर डोंगरात बंद पडली असती तर? मी एखाद्याच्या डाव्या डोळ्याची काच उजव्या डोळ्याला बसवली, तर तो दुकानात येऊन मला काय म्हणेल?”

“आधी त्याला दुकान सापडायला हवं,” मिस्त्री म्हणाला.

पायरीवर बसून शिवण करणारी चष्मेवाल्याची आई फिस्सकन हसली. चष्मेवाला हसला नाही.

मिस्त्रीने टोपी दाबून बसवली. खट्. इंजिन एका सुरात चालू लागलं. त्याने चारही टोप्या पुन्हा एकदा दाबून पाहिल्या, चष्मेवाल्याला जवळ बोलावून त्यालाही दाबून बघायला लावल्या आणि बॉनेट जरा जास्तच जोरात आपटलं. हात पुसताना त्याच्या लक्षात आलं की आपण रागावलो आहोत आणि राग काढायला समोर कुणी नाही. टोपीवर काय रागावणार?

गाडी तशी वाईट नव्हती. कुणाकुणाच्या हातांतून फिरून आलेली, एका दाराचा रंग बाकीच्यांशी न जुळणारा, पण इंजिनात अजून दम होता. चष्मेवाल्याने ती घेतली होती एकाच कामासाठी. त्याच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं होतं. ती डोंगरापलीकडच्या शहरात राहायची, नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, आणि आई आता वर्षभर तिच्याकडे राहणार असं घरात ठरलं होतं. शिलाई मशीन, उशा, गादी, औषधांचा डबा, असं सगळं घेऊन तिला तिकडे पोचवायचं होतं. म्हणून गाडी.

मिस्त्री पहिल्यांदा आला तेव्हा गाडीत खरोखरच खोट होती. वायरींना तडे गेले होते आणि ठिणगी वाटेतच गळत होती. चष्मेवाला दुकानात गेलेला, सून कामावर, मुलं शाळेत. अंगणात मिस्त्री आणि म्हातारी, दोघंच. जुळ्यांसाठी ती दुपटी शिवत बसली होती. थोड्या वेळाने शिवण मांडीवर ठेवून तिने विचारलं होतं, “हे काय करताय तुम्ही?”

गिऱ्हाइकं मिस्त्रीला ‘कधी होईल’ एवढंच विचारत. ‘काय करताय’ असं त्याला कुणी विचारल्याला जमाना लोटला होता. घरी बायकोला तो इंजिनाचं काही सांगायला लागला की ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागे. मिस्त्री असा काही खुलला की वायरी बदलायचं काम राहिलं बाजूला आणि त्याने म्हातारीला बॉनेटपाशी बोलावून अख्खं इंजिन समजावून सांगितलं. पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठे पडते, एक सिलिंडर रुसला तर इतरांची कशी कुतरओढ होते. तिने एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली. निघताना ती म्हणाली होती, “इतकी वर्षं गाड्यांत बसले, पण पुढे काय चाललंय ते आज कळलं.” मिस्त्री त्या दिवशी शीळ घालत गॅरेजवर गेला होता.

आता मात्र शीळबीळ काही सुचेना. चष्म्याचं दुकान ही जागाच अशी की तिथे एकदा बोललेली गोष्ट लपून राहत नाही. डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरं काय करता येतं? चष्मेवाल्याने अशा सगळ्यांना टोपीची कथा तिखटमीठ लावून ऐकवली. आठवडा संपायच्या आत बेकरीवाल्याची व्हॅन कोपऱ्यावरच्या गॅरेजात उभी दिसली. वर्षानुवर्षं ती व्हॅन मिस्त्रीशिवाय कुणाच्या हाताला लागलेली नव्हती. बेकरीवाला समोरून आला तेव्हा मिस्त्रीने मुद्दाम थांबून विचारलं, तर तो म्हणाला, “छोटंसंच काम होतं हो, म्हटलं तुम्हाला कशाला त्रास,” आणि नजर चुकवून निघून गेला.

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा बायको ताट पुढे सरकवत म्हणाली, “राहिली असेल एखादी टोपी. माणूसच आहे.”

“राहिली नव्हती.”

“बरं, नव्हती.”

हे ‘बरं’ त्याला चष्मेवाल्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तो अर्ध्या जेवणावरून उठला. त्याच्या बोलण्यात दहा चुका काढा, त्याच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नाही म्हणा, त्याला वेळेचं भान नाही म्हणा, ते सगळं खरं होतं. पण त्याच्या हातचं काम कच्चं होतं असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. त्याच्याकडे दुसरं होतं काय? ना शिक्षण, ना जमीन, ना गोड बोलणं. होतं ते एवढंच एक, आणि तेही एका रबरी टोपीपायी चव्हाट्यावर आलं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

“या,” चष्मेवाला म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, गार तुच्छता होती. “या आणि तुमच्या डोळ्यांनी बघा. या वेळी तर गल्लीसुद्धा ओलांडली नाही.”

मिस्त्री स्कूटरवरून पोचला तेव्हा गाडी अंगणात उभी होती. डिकी उघडी, आत शिलाई मशीन चादरीत गुंडाळलेली. म्हातारी प्रवासाची साडी नेसून पायरीवर बसली होती आणि मांडीवर तेच दुपटं घेऊन टाके घालत होती. मिस्त्रीने कुणाशी न बोलता बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि फडकं हातात घेतलं.

पहिली टोपी. इंजिन अडखळलं. ठीक. दुसरी टोपी, जिच्यावर त्याचा सगळा संशय होता, ती इतकी घट्ट बसलेली होती की काढताना त्याला जोर लावावा लागला. इंजिन अडखळलं. तिसरी, तेच. शेवटची टोपी त्याच्या बोटाच्या धक्क्याने बाजूला झाली, आणि इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही.

“आज ही?” मिस्त्री स्वतःशीच म्हणाला.

“आज ही, उद्या ती,” चष्मेवाला म्हणाला. “तुमच्याकडे टोप्यांची पाळी लावलीय का?”

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण आता त्याला पक्कं कळलं होतं. खोट एका जागी असते. वाढते, कमी होते, पाऊस पडला की जास्त होते, पण ती उठून शेजारच्या सिलिंडरात जाऊन बसत नाही. सगळ्यांसमोर घट्ट दाबलेली टोपी आपोआप निघत नाही. हे कुणाच्या तरी हाताचं काम होतं. त्याच्या डोळ्यांपुढे आधी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला, मग शेजारची मुलं, मग खुद्द चष्मेवाला. चष्मेवाल्याला शक्यच होतं. फुकटात दुसरी दुरुस्ती करून घ्यायला लोक काय वाटेल ते करतात. आज सोडायचंच नाही, मिस्त्रीने मनाशी ठरवलं. आज इथेच, या अंगणात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचं.

त्याने इंजिन बंद केलं आणि पुरावा म्हणून ती वायर निरखून पाहिली. तिथे त्याचं सगळं अवसान गळालं.

अडाणी हात वायरीला धरून ओढतो. कुणीही असो, गॅरेजवाल्याचं पोर असो की चष्मेवाला असो, वायर दिसली की ती धरून हिसका देणार. मग टोपीच्या मानेपाशी वायर ताणली जाते, आतली तार तुटते, निदान वळ तरी उठतो. इथे ओरखडासुद्धा नव्हता. टोपीला धरून, हलकी पिळून, बेताची वर उचलून, पहिल्या खड्ड्यात निसटेल एवढीच टेकवून ठेवलेली होती. हे काम नेमकं असंच करायचं असतं. आणि असंच करायचं असतं हे मिस्त्रीने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं.

त्याला आता तिचे प्रश्नही आठवले. टोपी निघाली तर गाडीला आग लागते का? नाही. मग चालवणाऱ्याला काही इजा? छे हो, नुसता वैताग. आणि गाडी कायमची बिघडते? टोपी बसवली की झाली पुन्हा नीट. तेव्हा त्याला वाटलं होतं, केवढी हुशार बाई!

त्याने मान वळवून पायरीकडे पाहिलं. म्हातारी खाली मान घालून भराभर टाके घालत होती. चष्मा तिच्या कपाळावर होता, आणि सुईत दोराच नव्हता.

“साहेब,” मिस्त्री म्हणाला, “एक बादली गरम पाणी लागेल. चांगलं कढत.”

“कशाला?”

“आहे काम.”

चष्मेवाला कुरकुरत आत गेला. मिस्त्री फडकं खांद्यावर टाकून पायरीपाशी आला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं आणि ठरवायची गरजही पडली नाही, कारण राग तोंडात तयारच होता.

“मावशी, हे तुम्ही केलंत.”

सुई थांबली. कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन तिने त्याच्याकडे पाहिलं.

“नीट केलं होतं ना?” तिने हळूच विचारलं. “वायर तुटली नाही ना?”

“वायरीचं काय घेऊन बसलात! माझं नाव मातीत गेलं. बाजारात लोक माझ्याकडे बघून कुजबुजतात. व्हॅन गेली माझ्या हातची. घरी बायको म्हणते, राहिली असेल टोपी. मी तुम्हाला एवढं जीव तोडून समजावलं ते यासाठी?”

म्हातारीचा चेहरा उतरला. “तुमच्यावर येईल हे माझ्या डोक्यात नाही आलं हो,” ती म्हणाली. “मला वाटलं, जुनीच गाडी, लोक गाडीलाच नावं ठेवतील.”

“गाडीला कोण नावं ठेवतं? मिस्त्रीला ठेवतात.”

“खरंय.” तिने दुपट्याची घडी घातली. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. “थोरलीचे दोघं मी वाढवले. मग याचे तीन. आता हे दोघं. पोरं गोड असतात, नाही कोण म्हणतं. पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही. याने गाडी आणली आणि दारातूनच ओरडला, आई, तुझी सोय झाली. माझी बॅगसुद्धा सुनेने भरली. मी कपाट उघडलं तर कपडे नाहीत.”

“मग नाही म्हणायचं!”

“आईने?” ती हसली, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. “तुमच्या आईने कधी तुम्हाला नाही म्हटलंय?”

मिस्त्री आठवायला लागला. बराच वेळ आठवूनही त्याला काही सापडेना, आणि त्यामुळे तो आणखीनच चिडला.

“माझे गुडघे गेले,” म्हातारी म्हणाली. “रात्री मूल रडलं की उठताना भिंत धरावी लागते. आणि हातात मूल घेऊन भिंत कशी धरायची? ते जाऊ द्या. गुडघे चांगले असते तरी मला जायचं नव्हतं, हे खरं. मला दुपारी दार लावून झोपायचंय. एवढंच. हे कसं सांगायचं कुणाला? गाडी नाही म्हणाली की कुणी तिला स्वार्थी म्हणत नाही.”

आतून बादलीचा आवाज आला. मिस्त्री घाईघाईने म्हणाला, “मी सांगणार आहे त्यांना. मला सांगावंच लागेल. माझा नाइलाज आहे.”

“सांगा,” म्हातारी म्हणाली. “तुमचं बरोबरच आहे.”

तिने हात जोडले असते, डोळ्यांत पाणी आणलं असतं, तर बरं झालं असतं असं मिस्त्रीला वाटलं. त्याला सांगून मोकळं होता आलं असतं. पण ती नुसती सरळ बसून राहिली, निकाल ऐकायला बसल्यासारखी, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटलं की आपण बरोबर आहोत आणि त्याचा काही उपयोग नाही.

चष्मेवाल्याने वाफाळती बादली त्याच्या पुढ्यात आपटली. “घ्या. काय करायचंय याचं?”

काहीच करायचं नव्हतं. मिस्त्रीने पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि स्वच्छ असलेलं इंजिन उगाचच पुसलं. मग शेवटची टोपी दाबून बसवली. खट्. किल्ली फिरवली. इंजिन झकास चालू लागलं.

“झालं?” चष्मेवाला म्हणाला. “म्हणजे पुन्हा टोपीच? आणि या वेळी कारण काय सांगणार?”

मिस्त्रीने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, एकामागून एक रांगेत उभे. तुमच्याच घरात विचारा. मी असा आहे होय? माझं काम असं असतं होय? मग गॅरेजच्या पाटीवरचं स्वतःचं नाव स्वतःच्याच हाताने खरवडून काढावं तसे शब्द बाहेर काढले.

“माझ्याकडूनच राहिली असेल.”

“असेल?”

“राहिली.”

“हां!” चष्मेवाल्याने हातावर हात मारला. इतके दिवस याच शब्दासाठी तो अडून बसला होता आणि तो हातात आल्यावर त्याला सुटल्यासारखं झालं. “आता कसं बोललात! मी दुकानात हेच सांगत होतो. म्हटलं, माणूस कामचुकार आहे. तोंडाने मोठा, हाताने कच्चा. ऐकलंस ना आई? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. तुझ्या जिवाशी खेळत होता हा माणूस. मी याला या बाजारात उभा—”

“पुरे.”

आवाज मोठा नव्हता, पण चष्मेवाला थांबला. म्हातारी पायरीवरून उठली होती. उठायला तिला कठडा धरावा लागला आणि उभी राहिल्यावरही तिने तो सोडला नाही.

“त्यांना कच्चा म्हणू नकोस. त्यांनी दोन्ही वेळा टोप्या नीटच बसवल्या होत्या. मी काढल्या.”

चष्मेवाल्याने आईकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. “तू? तुला बॉनेट तरी उघडता येतं का?”

“स्टिअरिंगच्या खाली खटका आहे. तो ओढायचा. मग पुढे येऊन बोटाने आतली पट्टी उचलायची. तुला माहीत नाहीये वाटतं?”

चष्मेवाल्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने ते कबूल केलं नाही, पण त्याचा चेहरा पडला. मग त्याला राग कुणावर काढायचा ते सापडलं आणि तो मिस्त्रीकडे वळला.

“तुम्ही शिकवलंत हिला हे?”

“हो,” मिस्त्री म्हणाला. आणि काय झालं कोण जाणे, त्याची मान ताठ झाली. “मीच शिकवलं. आणि एकदा सांगितलेलं त्या विसरल्या नाहीत. वायरीला वळसुद्धा पडू दिला नाही त्यांनी.”

“अहो, पण का? आई, का? काही कारण?”

म्हातारीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात चष्मेवाल्याच्या खिशात फोन वाजला. त्याने पाहिलं. “धाकटी,” तो म्हणाला, आणि घेऊ की नको अशा घालमेलीत त्याने तो कानाला लावला. पलीकडचा आवाज अंगणभर ऐकू येत होता. निघालात का रे? कुठवर आलात? मी रजा संपवून बसलेय, दोन्ही पोरं रडतायत, आईला जरा दे ना.

चष्मेवाल्याने फोनवर तळहात ठेवला. आता त्याच्या आवाजातली सगळी मिजास उतरली होती.

“आई, सध्या काही बोलू नकोस,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “ती आधीच रडकुंडीला आलीय. मी सांगतो तिला, गाडी पुन्हा बिघडली म्हणून. मिस्त्रीने घोळ घातला म्हणून. तिला पटेल ते. बाकीचं आपण मागून घरात बघू.” मग मिस्त्रीकडे न बघता पुढे म्हणाला, “तुमची हरकत नाही ना? नाहीतरी तुम्ही आत्ता म्हणालातच.”

हरकत? मिस्त्रीला वाटलं, ही बादली उचलावी आणि या माणसाच्या डोक्यावर पालथी घालावी. एकदा नाव दिलं ते या बाईसाठी, स्वतःहून, दात-ओठ खाऊन. आता हा ते खिशातल्या रुमालासारखं वापरायला निघाला होता. त्याने बादलीकडे पाहिलंसुद्धा. पण काही बोलायच्या आत म्हातारी कठडा सोडून दोन पावलं पुढे आली आणि तिने मुलापुढे हात पसरला.

“दे इकडे.”

“आई, ऐक—”

“दे.”

त्याने फोन दिला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून प्रश्नांची सरबत्ती चालूच होती, आणि बॉनेट उघडं टाकलेली गाडी मधोमध घरघरत उभी होती.

“हां, मीच बोलतेय. ऐक. नाही गं, गाडीला काही झालेलं नाही.” पलीकडून काहीतरी आलं. “गाडीला, गाडीला. काही झालेलं नाही म्हटलं. अगं, गाडी—”

“काय? काही ऐकू येत नाहीये, आई!”

मिस्त्रीने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. अंगण इतकं शांत झालं की फोनमधलं पोरांचं रडणंही वेगवेगळं ऐकू येऊ लागलं, एकाचं चढं, एकाचं बारीक. म्हातारी ते ऐकत जराशी थांबली.

“मी म्हटलं, गाडी चांगली चालतेय,” ती म्हणाली. “मीच येत नाहीये.”